हाक नावाचा रकाना

टिटवी. ओला पदर. दोन.

कढईत कुरडई फुलते. दोन.

सरोवराचा उतार, धाप, कुणीतरी घसरून हसतं. तीन.

पांढऱ्या बैलाचा डोळा. घुंगरं. काही नाही.

एसटीचा धूर. एक पाठ.

शेवटच्या ओळीपुढे प्रेरणानं अजून काही लिहिलं नव्हतं.

लोणारच्या घरात दुपार साचली होती. खिडकीतून कडुनिंबाची सावली आत यायची, लॅपटॉपच्या पडद्यावर हलायची, आणि फोटोतल्या पाण्यालाही हलवून जायची. प्रेरणा आणि गीताबाई, मायलेकी, एकाच इअरफोनचं एकेक बोंड कानात घालून बसल्या होत्या. मधेच गीताबाई डोळे मिटूनच म्हणायच्या, "हाव, आली."

प्रेरणाचे बाबा, किसनराव, वैशाखात गेले. मागे त्यांचा फोन उरला होता. त्यातले फोटो साधे नव्हते. प्रत्येकाच्या पोटात एक छोटी क्लिप होती. बटण दाबायच्या आधीचे काही सेकंद फोन आपणहून साठवून ठेवायचा. फोटोत गीताबाई हसतायत. क्लिपमध्ये त्या अजून हसलेल्या नाहीत, नुसत्या वळतायत.

"हे सगळं ठिवाचं म्हणजे येडेपणा आहे," गोकुळ म्हणाला. तो पुण्याहून दोन दिवसांसाठी आला होता. "क्लिपा काढून टाकू. नुसते फोटो ठिवू. जागा किती वाचते पाह्य."

"दादा, तू आवाज लावून पाह्यलं का?"

"आवाजाचं काय काम? जमीन दिसते, चपला दिसते, बाबाचं बोट दिसते."

"ऑफिसात आवाज बंद ठिवून कामं करून करून तुह्ये कान गेले."

"अन् तुही अक्कल."

"भांडू नका बे," गीताबाई म्हणाल्या. "ऐकू द्या मले."

गोकुळनं वाद मिटवला. ज्या फोटोंवर प्रेरणा खूण करील, तेवढे क्लिपसकट राहतील. बाकीच्यांचं पोट रिकामं. चारच्या गाडीआधी त्याला काम संपवायचं होतं.

प्रेरणानं लॅपटॉपवरच्या फोटोंच्या प्रोग्राममध्ये आधी 'चेहरे' हा रकाना उघडला. त्यात बाबा कुठेच सापडेनात. फोटो काढणारा फोटोत नसतो. तारीख होती, ठिकाण होतं, पण बाबांसाठी जागाच नव्हती. मग तिनं स्वतःचा एक रकाना तयार केला आणि त्याला नाव दिलं: हाक.

"हे आकडे काय टाकून राह्यली?" गोकुळनं विचारलं.

"ऐकशीन तवा समजन."

किसनराव बैलबाजारात दलाली करायचे. रुमालाखाली हात, हातात हात, बोटांनी भाव. त्या व्यवहारात कुणी तोंड उघडत नाही. लोक सांगायचे, किसनरावांचं बोट खोटं बोलत नाही. घरातही त्यांचा आवाज कधी चढला नाही. फोन त्यांनी कानाला म्हणून लावला नाही. धरला तो डोळ्यांसमोरच.

"बैलाचा काढू?" गोकुळ म्हणाला.

"काढ. बैलाले त्यायनं हाक नाई मारली."

"अन् हा? एसटीचा?"

प्रेरणा थांबली. पडद्यावर लोणारचा स्टँड होता. पुण्याच्या गाडीच्या पायरीवर एक पोरगा चढत होता. खांद्याला बॅग, नुसती पाठ. सहा वर्षांपूर्वीचा गोकुळ.

"हा क्लिपबिगर ठिव," तो म्हणाला. "त्याच्यात काही नाई."

"कशावरून?"

"मी होतो ना तिथं." गोकुळनं पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "मी जाऊ नाई, असं त्यायले वाटत होतं. मले ठाऊक होतं. एक हाक मारली असती तर उतरलो असतो. मारली नाई. फोटो काढत राह्यले."

गीताबाईंनी कानातलं बोंड काढलं आणि लेकाच्या तळहातावर ठेवलं.

"माय, गाडीचा टाइम झाला."

"जाशीन मंग. ऐकून जा."

कडुनिंबाची सावली स्टँडवर आली, एसटीच्या छतावर चढली. प्रेरणानं क्लिप लावली.

आधी नुसतं इंजिन. कंडक्टरची घंटी. पडद्यावर जमीन, एक चप्पल, मग डगमगत वर आलेली गाडी आणि पाठ.

मग अगदी जवळ, कानाच्या आतच असावी तशी, फोनच्या पाठीवर बाबांची अंगठी वाजली.

टक्.

ताटाच्या काठावर. दाराच्या कडीवर. गाडीच्या जुवावर. अंधारात खाटेच्या माचव्यावर, ताप आला तेव्हा. लहानपणापासून त्या घरात गोकुळ म्हणजे एक, प्रेरणा तीन, आणि माय दोन.

इंजिन वाढलं. टक्. पाठ पायरी चढली. टक्, आता इतक्या जोरात की सगळं चित्र हादरलं. पाठ वळली नाही. फोटो निघाला तो हाच.

खोलीतल्या गोकुळनं झटकन मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती, भिंतीवर सावली हलत होती.

"पुन्हा लाव," तो म्हणाला.

चार वाजून गेले. बऱ्याच वेळानं त्यानं लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि हाकेच्या रकान्यात एका बोटानं टाइप केलं: एक. एक. एक.

किसनराव जन्मापासून मुके होते.