वेटिंग लिस्टसाठी लिहिलेलं पत्र

बिझनेस स्कूलच्या वेटिंग लिस्टमध्ये माझं नाव अडकलं, तेव्हा कोचिंगच्या मॅडम म्हणाल्या, "मधल्या काळात काहीतरी करून दाखवलंय असं पत्र पाठव, नाव वर सरकेल."

मी केलं होतं एवढंच की आमच्या चिकपेटच्या साडीच्या दुकानाचं इन्स्टाग्राम पेज उघडलं होतं. पत्रात मात्र लिहिलं की वडिलांना धंद्यातलं काही कळत नाही, दुकान बंद पडायला आलं होतं, ते मी एकटीनं सावरलं. चाळीस वर्षं नुसत्या बोटांनी चाचपून जरीचं खरं-खोटं ओळखणाऱ्या माझ्या अण्णांबद्दल लिहिलं हे. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून लिहिलं.

"काय लिहिलीस गं एवढं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडून काय काय शिकले ते."

"सरी, सरी, बरं झालं," म्हणत ते शेजारच्या दुकानात सांगायला गेले.

तीन आठवड्यांनी ॲडमिशन मिळाली. अण्णांनी सगळ्या गल्लीत म्हैसूरपाक वाटला. शेवटचा तुकडा मला भरवताना हळूच म्हणाले, "मागच्या सोमवारी तुझ्या कॉलेजचा फोन आलेला दुकानात. कन्नडमध्येच बोलले बिचारे. तुझ्या पत्रातलं एकेक वाक्य सांगून, हे खरं काय, म्हणून विचारत होते."

"मग तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.



"मी सगळ्याला होय म्हटलं. काही चुकलं नाही नं माझं?"