दुखण्याचं एक मिनिट

रैनूच्या मानेवर बसवलेली वेदनाशामक चकती सिकलसेलच्या कळा पार गिळून टाकायची. पण हाड आतून सुजतंय की मरतंय, हे दुखल्याशिवाय कळणार कसं? म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून जैवंता दर रविवारी लेकीची चकती मिनिटभर बंद करायची.

आजही केली.

"कुठं दुखते, रैनू?"

"कुठंच नाही वं माय. उद्या शर्यत आहे माझी."

जैवंताचा जीव भांड्यात पडला. "उभी राय बरं."

रैनू हसत उभी राहिली, पण सगळा भार डाव्या पायावर देऊन.

"उजवा टेकव," जैवंता म्हणाली.

"आधी चकती चालू कर ना माय, मंग टेकवते."