आवाज न करणारे ड्रॉवर

सिर्काला राग आला की ती बोलत नसे, स्वयंपाकघरातला ड्रॉवर दाणकन आपटत असे. मग तिचा नवरा आहती मुकाट्यानं घरातल्या सॉनात, वाफेच्या खोलीत जाऊन बसे आणि घामाघूम होऊन बाहेर येईपर्यंत भांडण मिटलेलं असे. लग्न झाल्यापासून दोघांचं हे असंच चाललं होतं.

निवृत्त झाल्यावर मात्र आहतीला तो आवाज सोसेना. त्यानं ड्रॉवर ज्यांवर सरकतात ते चॅनेल आणले, हळुवार मिटणारे, पाणसळीनं पातळी जुळवत शनिवारभर खपून सगळ्या ड्रॉवरना बसवले आणि जुने चॅनेल इमारतीच्या अंगणातल्या भंगाराच्या पेटीत टाकून आला.

"झकास जमलंय हं तुला," कॉफी ओतत सिर्का म्हणाली.

ती खुशीत दिसली, तसं त्यानं सांगून टाकलं, "युहान्नुसच्या सणाला, ऐन उन्हाळ्यात, आपल्या तळ्याकाठच्या घरी माझा भाऊ येतोय. सगळं बिऱ्हाड घेऊन, आठवडाभर. मी हो म्हटलंय."

सिर्का उठली. तिनं सगळा जोर लावून चमच्यांचा ड्रॉवर ढकलला. तो बोटभर अलीकडे थबकला आणि अलगद आत गेला. तिनं सुऱ्यांचा ढकलला, मग पातेल्यांचा. एकानंही हूं की चूं केलं नाही.

आहती सॉनाकडे निघाला होता.

"कुठे चाललास? बस इथे," सिर्का म्हणाली. "आता तोंडानंच सांगावं लागणार. आधी तुझा भाऊ, मग तुझी आई. मग तुझ्याकडे येते."



संध्याकाळी आहती भंगाराच्या पेटीत कमरेपर्यंत वाकून जुने चॅनेल शोधत होता.