हनुवटीवरचा उजेड

"मान जरा वर, ताई," असं म्हणत फोटोग्राफर अल्ताफने सवयीने विमलताईंची हनुवटी बोटाने उचलली आणि स्टुडिओतले दिवे घालवले.

पोस्टातून निवृत्त झालेल्या विमलताई हिरेमठ एकट्याच राहत. मिरजेत सध्या जो तो हा अंधारातला फोटो काढून घेत होता, म्हणून त्याही आल्या होत्या. माणसाच्या कातडीतून निघणारा उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण अल्ताफची ताटलीएवढ्या तोंडाची लेन्स तो बरोबर वेचून घ्यायची. दुसऱ्या कुणाचा हात लागलेली जागा तर दिवसभर जास्तच उजळ यायची. शेजाऱ्यांच्या फोटोत नातवंडांचे गाल बोटांच्या उजळ ठशांनी नुसते भरून गेले होते.

आत आरसा नसलेल्या त्या मिररलेस कॅमेऱ्याला आवाज नव्हता. फोटो कधी निघाला, ते विमलताईंना कळलंही नाही.

पडद्यावर चेहरा आला. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा इतका स्पष्ट. पण कपाळ, गाल, हात, सगळं राखेसारखं मंद होतं. फक्त हनुवटीवर बोटाएवढा ठिपका लखलखत होता.

"माझंच बोट लागलं," अल्ताफ ओशाळून म्हणाला. "फोटोतून पुसून देतो."

"राहू दे." त्या बराच वेळ बघत राहिल्या. "अंगावर किती वेळ टिकतं रे हे?"

"संध्याकाळपर्यंत. तोंड धुतलं, पुसलं की जातं."

बाहेर रणरणतं ऊन होतं. घाम टिपायला विमलताईंचा पदर कपाळावरून गालापर्यंत आला, आणि हनुवटीला न लागता वरच थांबला.