ट्रॅक्टर कोण चालवत होतं?

बोंडअळीने पोखरलेल्या आपल्या बीटी कपाशीवर रोटाव्हेटर फिरवून उभं पीक मातीत घातलं, त्या दिवसापासून कारभारी कोणाशी बोलत नव्हता. घरातही नाही. दहावीच्या जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र तो आलेला प्रत्येक मेसेज वाचत होता, हे राबियाला दिसत होतं. विचारपूस करून झाली होती, धीर देऊन झाला होता. आज तिने धादांत खोटं लिहिलं.

"आठवते का, बीबी गावच्या जत्रेत शाकिरनं ट्रॉली मागं घेताना सिनेमाचा पडदा फाडला होता? कारभारी बिचारा बाजूले बसून पेरू खात होता."

ग्रुपवरच्या शाकिरला तिचा डाव लगेच कळला. "हाव, मीच चालवत होतो. काय कॉमेडी सिनेमा होता! आजबी माह्या सगळ्यात आवडीचा."

मग 'कारभारी टाइप करत आहे' असं दिसलं, नाहीसं झालं, पुन्हा दिसलं.

"काहीबी काऊन लिहून राह्यले बे? ट्रॅक्टर मी चालवत होतो. अन् कॉमेडी कुठला? पडद्यावर हिरोची माय मरून राह्यली होती, तिच्या तोंडातूनच ट्रॉली बाहेर आली. रडता रडता सारे लोक हासले. शाकिरले तर आजबी ट्रॉली मागं घेता येत नाही."

शाकिरने चिडल्याचं नाटक केलं. राबियाने आपली चूक कबूल केली.

"बरं," कारभारीने लिहिलं, "उद्याबी थोडं चुकवूनच सांगजा."