शिवलं

शेळगावचं जुनं कबड्डीचं मैदान उद्या नांगरलं जाणार, म्हणून आबाजी आणि संभाजीराव हे दोन म्हातारे शौकीन दुपारी तिथं आठवणी काढत बसले होते.

"रंगनाथ चढाईला गेला अन् तिकडंच मेला," आबाजी म्हणाले. "जीव सुटला, पर दम न्हाय सुटला बघा संभाजीराव!"

रिकाम्या मैदानातून 'कबड्डी, कबड्डी' ऐकू येऊ लागलं. सवयीनं दोघं दम तुटायची वाट बघत राहिले. तो तुटेना.

एकाएकी आबाजींनी खांदा झटकला. "शिवला की मला!" ते हसले, हात वर करून रेषेबाहेर गेले आणि तिथंच आडवे झाले.

"आबा?"

आबाजींची छाती हलत नव्हती.

आवाज संभाजीरावांकडे वळला. ते जन्मात कधी खेळले नव्हते. अंग कसं चोरायचं, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.