डोक्यावरची दोरी

बाबा टोयोटाच्या कारखान्यात सुपरवायझर. नव्या कामगाराला ते जे सांगत, तेच घरी येऊन कौतुकाने ऐकवत. "मोटारींच्या आधी या लोकांनी माग बनवले. एक धागा तुटला, की माग आपोआप थांबायचा. म्हणून चूक दिसली, की डोक्यावरची दोरी ओढायची. अख्खी लाइन थांबली तरी चालेल. कुणी रागावणार नाही. मी येऊन आधी थँक्यू म्हणेन, मग विचारीन."

घरात मात्र त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लेकीसाठी मुलगा त्यांनीच पसंत केला, तारीखही त्यांनीच काढली. "आता हॉल पक्का करून टाकतो," म्हणत त्यांनी फोन उचलला.

लेक समोरच बसली होती. तिने हात डोक्यावर नेला आणि तिथे नसलेली दोरी खाली ओढली.

बाबांनी फोन ठेवला.

"थँक्यू," ते म्हणाले. "आता सांग, कुठे चुकतंय?"

लेक बोलणार, तेवढ्यात त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. तिथे आई उभी होती. लग्नाला तीस वर्षं झाली होती, आणि तिचाही हात हळूहळू वर चालला होता.